फिजिक्सवर अर्धी कोंबडी फुकट

येरिनने जेवता जेवता चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि पुढच्या वर्षी फिजिक्सचा वर्गच भरणार नाही, असं सांगितलं. तिच्या बापाने, इनहोने, उचललेला घास परत वाटीत ठेवला. पोरीला पूल बांधायचे होते. लहानपणी ती किमचीच्या रश्श्यालासुद्धा भाताचे बांध घालायची.

अडचण साधी होती. अकरावीचे विषय मुलांनीच निवडायचे, आणि बारा मुलं जमली नाहीत तर तो वर्ग रद्द. फिजिक्सला पाचच जण होते. विषय अवघड, शिवाय श्रेणी एकमेकांशी तुलना करून मिळायची. मूठभर मुलांत वरची श्रेणी मिळणार एखाद्यालाच, मग कोण कशाला मरायला जाईल?

इनहोला फिजिक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. जेचन गावच्या बाजारात त्याचं तळलेल्या कोंबडीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी गणवेशातली दोन पोरं दुकानात आली, तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

"फिजिक्स घेता का? घेतलंत तर अर्धी कोंबडी माझ्याकडून. येरिनला मात्र सांगायचं नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "तिखट की साधी?" एकाने विचारलं.

गल्ल्यावर बसलेली बायको, मिसुक, याला सरळ लाच म्हणाली. इनहोने शिष्यवृत्ती म्हटलं. आठवडाभरात बास्केटबॉलचा अख्खा संघ फिजिक्सला लागला, आणि तिथेच थांबायला हवं होतं.

पण समोरच्या शिकवणीवाल्याच्या कानावर ते गेलं. मैदानावरची पोरंसुद्धा फिजिक्स घेतायत म्हणजे विद्यापीठांनी प्रवेशाचा काहीतरी नियम बदलला असणार, असा त्याने तर्क केला आणि फिजिक्सची खास तुकडी सुरू केली. ती पाहून आयांचं धाबं दणाणलं. येरिन पहिल्यापासून फिजिक्सवर अडून होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दोघी-तिघी थेट दुकानात आल्या. आतली बातमी काय आहे, ते त्यांना हवं होतं.

आता कोंबडीचं कसं सांगणार? इनहो कढईकडे बघत म्हणाला, "आत्ताच काही बोलता येत नाही."

झालं. त्या आयांनी घरी जाऊन आपापल्या लेकरांचे विषय बदलायला लावले, आणि ती लेकरं म्हणजे वर्गातली पहिली-दुसरी येणारी. फिजिक्सच्या तीन तुकड्या झाल्या. वर्ग रद्द झाला असता तर ज्यांची दुसऱ्या शाळेत बदली झाली असती, ते फिजिक्सचे सर आनंदाने सहकुटुंब कोंबडी खाऊन गेले. इनहोने त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. तो तरंगतच होता.

त्याच संध्याकाळी येरिन दुकानात आली आणि दप्तर टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, मी फिजिक्स सोडलं."

इनहोच्या हातातला झारा तसाच राहिला. तेल ठिबकत होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"सगळे हुशार तिथे येऊन बसलेत," ती म्हणाली. "आता मला कसली श्रेणी मिळतेय? मी भूविज्ञान घेतलंय. पूल शेवटी जमिनीवरच उभा राहतो. फिजिक्स वाचेन घरी."

इनहो झारा ठेवून खुर्चीत बसला. कुणीतरी हे मुद्दाम केलं असेल का, असं त्याने क्षीण आवाजात विचारून पाहिलं.

"बाबा, माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने फिजिक्स का घेतलं, ते त्याला सांगता येत नव्हतं. पण त्याच्या हनुवटीला आपला मसाला लागला होता."

मिसुकने तोंडाला पदर नव्हता म्हणून एप्रन लावला. इनहोचे कान लाल झाले. आता पोरगी रागावणार, रडणार, निदान बोलणं तरी टाकणार, म्हणून तो मान खाली घालून वाट बघत राहिला.

येरिनने टेबलावरचं दप्तर बाजूला सारलं. मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"भूविज्ञानाला अजून चार मुलं कमी आहेत," ती हळूच म्हणाली. "फक्त या वेळी कोंबडी जरा ढ पोरं बघून द्या."