दफन, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा

माझे वडील एलायजा टिबल्स मंगळवारी दुपारी तीन वाजता, इंडियानातल्या हॉर्टनव्हिल गावच्या दफनभूमीत दुसऱ्याची कबर खणताना वारले. सहाच्या भोंग्याआधी वारल्यामुळे गावाचा कोणताही नियम मोडला गेला नाही. भोंग्यानंतर काळा माणूस हद्दीत दिसायचा नाही, एवढाच नियम. एकतीस वर्षं तो पाळून ते रोज नदीपलीकडे घरी आले.

नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी गावाच्या दफन समितीने त्यांना कबरीसाठी कायमची जागा बहाल केली होती. पत्र छापील होतं. सगळ्याच नोकरांना मिळायचं. नाव भरताना रंग बघायचा राहून गेला. वडिलांनी ते पत्र बायबलमध्ये जपून ठेवलं आणि मऊ माती पाहून जागाही निवडली. ती त्यांना मिळवून देणं आता माझ्याकडे होतं.

समितीचे चिटणीस फिस्क यांनी पत्र दोनदा वाचलं.

"सही माझीच आहे, पोरी. एलायजाबद्दल तक्रार नाही. पण सहानंतरही तो गावातच राहणार ना?"

"ते उठून कुठे जाणार, साहेब?"

"तीच तर अडचण आहे. एरवी वेळेवर जायचा."

बुधवारी समितीने सहानुभूतिपूर्वक विचार करून ठराव केला. मयतास रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत पुरलेले राहण्यास परवानगी आहे. सहापूर्वी त्यास उकरून हद्दीबाहेर न्यावे. या कामाला अनुभवी माणूस हवा होता, आणि अनुभवी माणूस पेटीत होता. ठराव मंजूर, अंमलबजावणी तहकूब.

मी नऊही सभासदांच्या दारी गेले, अर्थात मागच्या. प्रत्येकाने एकच सांगितलं, "माझं काही नाही गं, पण शेजारी काय म्हणतील?"

म्हणून शेजाऱ्यांकडे गेले. वडिलांच्या जागेलगतच्या कबरीत मिस्टर ओडेल होते. घरचं दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"ह्यांची कबर एलायजानेच खणली. कडा कशा सरळ होत्या. माझी हरकत नाही, पण ह्यांना चालणार नाही."

"त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, बाईसाहेब."

"म्हणून काय मत बदललं असेल?"

शुक्रवारी आम्ही वडिलांना नदीपलीकडे पुरलं. तिथे हातभर खणलं की खडक लागतो. खड्डा उथळ झाला, वाकडाही.

तुम्ही समितीवर असता तर त्यांना जागा दिली असती, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्याआधी शेजाऱ्यांना एकदा विचारून घेतलं असतं.