फ्रीजरवरची पाच बोटं

मंगळवारी सकाळी कमलाकर खांबेट्यांनी टोस्ट जाळला, टोस्टरला शिव्या घातल्या, तो काळा टोस्ट तसाच चावून खाल्ला आणि मग फोन उघडून फ्रीजरच्या जाहिरातीत आणखी एक ओळ घातली : "टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये."

आता कमलाकररावांच्या नाकावर राग हा जन्मापासूनचाच. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये अर्धं आयुष्य काढलं, तिथली थंडी खाल्ली, पण त्या रागाला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. या आठवड्यात मात्र त्या रागाला कारण होतं. नीनाताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, पण फिजिओ बाईंनी बजावलं, "जिना चढायचा नाही. पलंग खालच्या मजल्यावर हवा. शुक्रवारपर्यंत सोय झाली तर घरी सोडू, नाहीतर काही आठवडे केअर होममध्ये ठेवावं लागेल."

"मला तिथे नका हो पाठवू," नीनाताई फोनवर म्हणाल्या होत्या. "शेजारच्या बेडवरच्या बाई तिथे राहून आल्यात. रोज उकडलेलं गाजर देतात म्हणे."

"कोण पाठवतंय तुला? मी मेलोय का?" असं कमलाकरराव त्यांच्यावरच खेकसले. काळजी वाटली की ते खेकसत, आणि खूप काळजी वाटली की खूप खेकसत.

खाली एकच खोली होती, मागची. तिथे एक ट्रेडमिल होती, तीन बंद पडलेले प्रिंटर होते, वायरींनी भरलेली खोकी होती आणि एक आडवा, पेटीसारखा, पांढरा फ्रीजर होता. ट्रेडमिल, प्रिंटर आणि वायरी कमलाकररावांच्या. म्हणजे कामाच्या! बिनकामाचा काय तो नीनाचा फ्रीजर. त्यात काय असायचं? आइस्क्रीमच्या डब्यात खवलेला नारळ. सगळ्या घराला फसवणारे ते डबे एकदाचे जाऊ देत. बुधवारपर्यंत फ्रीजर विकायचा, गुरुवारी पलंग आणायचा, आणि नीनाला आत्ताच काही सांगायचं नाही, उगाच जिवाला घोर नको, असं त्यांनी ठरवलं.

ब्रिस्टलला राहणाऱ्या लेकीनं, तनूनं, त्यांच्या फोनवर जुन्या वस्तू विकायचं अॅप घालून दिलं.

"बाबा, फोटो टाकायचा आणि नाइस डिस्क्रिप्शन लिहायची," ती म्हणाली. "लोक खूप मेसेज करतात. तू रागावू नको हं."

"मी कशाला रागावू?" कमलाकरराव ओरडले.

त्यांनी फ्लॅश मारून फोटो काढला आणि एकच ओळ लिहिली : "मोठा फ्रीजर, चालू स्थितीत." इथवर सगळं सभ्य होतं. मग लोक आले.

पहिल्यानं विचारलं, "अजून आहे का?" कमलाकररावांनी लिहिलं, "आहे." तो गेला तो गेलाच. असे बाराजण झाले. आहे का विचारायचं आणि आहे म्हटलं की गायब व्हायचं, हा कुठला खेळ म्हणायचा?

मग एकानं विचारलं, "का विकताय? काही भानगड आहे का?" कमलाकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाहिरातीत ओळ आली : "का विकतोय, ते विचारू नये."

मग एक पोरगा इवलीशी गाडी घेऊन आला. आधीच राउंडअबाउटांवर गरगरा फिरून त्याला उशीर झालेला. फ्रीजर बघून तो आ वासून म्हणाला, "एवढा मोठा?" आणि निघून गेला. ओळ आली : "फ्रीजर फार खोल आहे. मोठी व्हॅन आणि दोन दणकट माणसं घेऊन येणे."

मग एका वीगन बाईंना आधी आत काय काय ठेवलं होतं, ते जाणून घ्यायचं होतं. ओळ आली : "आत काय होतं याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही." आणि दिवस भराभर संपत चालल्यामुळे शेवटी, मोठ्या अक्षरांत : "शुक्रवारच्या आत घरातून गेलाच पाहिजे."

एक एक ओळ घ्या, तिच्यामागे कारण होतं. पण सगळ्या एकाखाली एक वाचणाऱ्या माणसाला ती कारणं कुठून कळणार?

मंगळवारी दुपारी नीनाताईंचा फोन आला.

"जेवताय ना वेळेवर?"

"जेवतोय, जेवतोय!" कमलाकरराव म्हणाले. सकाळचा टोस्ट आणि दुपारची बिस्किटं, म्हणजे जेवणच की.

"अहो, मागच्या खोलीत..."

"मागच्या खोलीचंच बघतोय मी! तू पड शांत. सगळं माझ्यावर सोड!" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. नीनाताईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायची सवय त्यांना नव्हती.

संध्याकाळी डेबोरा नावाच्या बाईंचा मेसेज आला. "फ्रीजरच्या झाकणावर लाल बोटं उमटलेली दिसतात. ते काय आहे?"

कमलाकरराव उठून बघून आले. खरंच होती की! दर दसऱ्याला नीनाताई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. वॉशिंग मशीन, मिक्सर, गाडी, फ्रीजर, सगळ्यांवर हळदीकुंकवाची पाच पाच बोटं ओढत. उन्हानं हळद उडून गेली होती आणि कुंकू तेवढं पांढऱ्या झाकणात मुरून बसलं होतं, खाली ओघळलेलं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसेनाशी होते, तशी ती बोटं त्यांना कित्येक वर्षं दिसलीच नव्हती.

आता दसरा म्हणजे काय, यंत्राची पूजा का करतात, हे या बाईंना कोण समजावत बसणार? पोटात आग पडली होती. त्यांनी लिहिलं, "माझ्या बायकोची बोटं आहेत."

मग : "तुमच्या पत्नी ठीक आहेत ना?"

"तुम्हाला काय करायचंय? फ्रीजर हवाय की बायको?"

"मला त्यांच्याशी बोलता येईल का?"

"नाही. ती घरी नाही. फ्रीजरचा निर्णय मी घेतलाय. तिला यातलं काही माहीत नाही."

डेबोराबाई गप्प झाल्या. "अजून एक टाइमपास!" असं म्हणून कमलाकररावांनी फोन सोफ्यावर फेकला.

बुधवारी सकाळी दारावरची बेल वाजली. कमलाकरराव धावले. आलं वाटतं गिऱ्हाईक! दारात खरंच दोन दणकट माणसं उभी होती. एक ताडमाड पोलीस आणि एक ठेंगणी पोलीसबाई.

"मिस्टर खांबेटे? तुमच्या पत्नींना भेटता येईल का?" बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"नाही!"

"का बरं?"

"कारण ती इथे नाही! सगळ्यांना माझ्या बायकोचंच काय पडलंय? फ्रीजर विकायला काढलाय मी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तो फ्रीजर बघू शकतो का आम्ही?"

"विकत घेणार आहात?"

"नाही, सर."

"मग कशाला बघायचाय? फुकट बघणारे पुष्कळ येऊन गेले! आणि उघडणार तर मी मुळीच नाही, गारवा जातो!"

"सर," उंच पोलीस म्हणाला, "तो उघडावा लागेल." हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात कमलाकररावांशी आजवर एकटी नीनाच बोलली होती.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खोल फ्रीजर, लाल बोटं, घरी नसलेली बायको, शुक्रवारच्या आत. अरे देवा! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रागवायचं होतं आणि कोणावर रागवायचं ते कळेना.

"ती हॉस्पिटलात आहे हो!" ते ओरडले. "जिवंत! खुबा बदललाय! थांबा, व्हिडिओ कॉल लावतो!"

त्यांनी कॉल लावला, आणि तो लागेपर्यंत उंच पोलिसानं झाकण उचललं. आत काठोकाठ आइस्क्रीमचे डबे. त्यानं व्हॅनिलाचा एक डबा उघडला, नाकाजवळ नेला आणि गोंधळून विचारलं, "हे काय आहे?"

कमलाकररावांना वाटलं होतं, नारळ. त्यांनी वाकून पाहिलं. "आमटी," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्यात मटकीची उसळ होती. तिसऱ्यात भरली वांगी. खाली फॉइलमध्ये एकावर एक पुरणपोळ्या.

"अहो, कोण आलंय?" फोनमधून नीनाताईंचा आवाज आला. "आणि हे काय, फ्रीजर भरलेलाच? एकही डबा हललेला नाही! मग इतके दिवस खाल्लंत काय तुम्ही?"

"टोस्ट," कमलाकरराव म्हणाले.

"ऑपरेशनच्या आधी महिनाभर करून करून भरला मी तो. तुम्हाला चहासुद्धा धड करता येत नाही म्हणून! परवापासून सांगतेय, मागच्या खोलीत, मागच्या खोलीत. तर तुम्ही फोन आपटताय!"

कमलाकररावांना आठवलं. दुखऱ्या पायावरचा भार एका हातानं ओट्यावर पेलत नीना शेगडीपाशी उभी असायची, आणि ते म्हणायचे, "एवढं रांधून कोणाचं लग्न लावायचंय?"

पोलीसबाईंनी फोन घेऊन नीनाताईंना सगळं समजावलं. बोटांचं ऐकून त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. "हसवू नका हो, टाके दुखतात!" मग एकाएकी त्या थांबल्या. "एक मिनिट. फ्रीजर विकायला काढलाय? माझा?"

"पलंगाला जागा नको का?" कमलाकरराव पुटपुटले. "तुला ते गाजर... मला वाटलं..."

"कॅमेरा फिरवा जरा. सगळ्या खोलीत फिरवा."

कमलाकररावांनी फिरवला.

"ती ट्रेडमिल काय तुमच्या तीर्थरूपांनी दिलीये? कधी पाय तरी ठेवलात तिच्यावर? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"ती व्यायामासाठी..."

यातलं एक अक्षर न कळलेला उंच पोलीस इतका वेळ डोळ्यांनी खोली मोजत होता. "सर," तो अदबीनं म्हणाला, "ती ट्रेडमिल काढली तर पलंग आरामात बसेल. प्रिंटर गेले तर एक खुर्चीसुद्धा."

"काय म्हणतोय तो?" नीनाताईंनी विचारलं.

"काही नाही," कमलाकरराव म्हणाले. "तू म्हणतेस तेच म्हणतोय."

पोलीस गेले. कमलाकररावांनी आमटी गरम केली, कुकर लावायचं धाडस न झाल्यानं ती पावाबरोबर खाल्ली, आणि एक डबा संपल्यावर दुसरा काढला. भरल्या पोटी घर कसं शांत वाटायला लागलं. आपल्याला आठवडाभर एवढा राग कशाचा येत होता, ते त्यांना धड आठवेना. मग त्यांनी फ्रीजरची जाहिरात काढून टाकली, ट्रेडमिलचा फोटो काढला आणि खाली फक्त लिहिलं, "ट्रेडमिल. नव्यासारखी." हे तर अगदी खरं होतं.

लगेच मेसेज आला. "हाय, हँडलवर लाल बोटं कसली आहेत?"

हँडलवरही होतीच. "तुम्ही चालत नाही तर नाही, पूजा तरी होऊ दे बिचारीची," असं म्हणून दर दसऱ्याला नीना ती ओढायची.

कमलाकररावांनी सवयीनं "तुम्हाला काय" इथवर टाइप केलं. मग थांबले, ते पुसलं, आणि सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं :

"माझ्या बायकोची बोटं आहेत. ती शुक्रवारी घरी येते आहे."