मडक्यात पाणी कोणी घातलं?

"टेबल अगदीच भुंडं दिसतंय, भाऊ. फुलं ठेवा की!" एवढं बोलून सेक्रेटरीबाई खुर्च्या मोजायला गेल्या. भाऊ या सभागृहाचे रखवालदार. फुलदाणी गेल्याच महिन्यात त्यांच्याच हातून फुटली होती आणि बाईंनी बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली, तर घरी बसायचं." बायकोचा सल्ला त्याहून सोपा होता, "तोंड बंद ठेवा, नोकरी टिकेल."

आता फुलं कशात ठेवायची? टेबलावर एक मातकट मडकं होतं. वक्ते प्राध्यापक ते ठेवून चहाला गेले होते. भाऊंनी तांब्याभर पाणी ओतून फुलं खोचली. झकास दिसलं! दहा मिनिटांनी बघतात तर मडकं कोरडं, टेबल ओलं. त्यांनी पुन्हा ओतलं. असे चार तांबे झाले, तेव्हा त्यांनी आपला नवा टॉवेल घडी करून टेबलक्लॉथखाली, मडक्याच्या बुडाशी सारला. तेवढ्यात दाराबाहेरचा व्याख्यानाचा फलक त्यांच्या नजरेस पडला: 'दोन हजार वर्षांपूर्वीचं मडकं'.

धावत जाऊन त्यांनी फुलं उपसली, पण पाणी उपसायच्या आत लोक येऊन बसलेसुद्धा.

"संग्रहालयाने आजच्यापुरतं दिलेलं हे मडकं धान्याचं," प्राध्यापक सांगत होते. "भाजणी इतकी कच्ची, की यात पाणी टिकणारच नाही. अकरा वर्षं मी हेच म्हणतोय. सोमवारी माझं पुस्तक छापायला जातंय."

"कशावरून?" पहिल्या रांगेतले निवृत्त इंजिनियर उठले. व्याख्यान कशावरही असो, हे गृहस्थ उठायचेच.

"आतून बघा ना!" म्हणत प्राध्यापकांनी मडकं कलतं केलं. भळ्ळकन पाणी आलं आणि त्यांच्या टिपणांवर पसरलं.

"टिकलं की हो पाणी!" इंजिनियर आनंदाने ओरडले. "तुमची अकरा वर्षं गेली वाहून!"

लोक खो खो हसले. प्राध्यापक मटकन खुर्चीत बसले. चेहरा पार उतरला बिचाऱ्यांचा.

"कोणी केलं हे?" सेक्रेटरीबाई कडाडल्या.

भाऊ दाराशी उभे होते. तोंड बंद ठेवायचं, बस्स. कोणाला कळणार होतं? पण प्राध्यापक ओली टिपणं रुमालाने टिपत होते, आणि ते काही भाऊंना बघवेना.

"साहेब, टिकलं नाही हो पाणी!" ते म्हणाले. "चार तांबे ओतले, तेव्हा एवढंसं उरलं. हे बघा." त्यांनी टेबलक्लॉथखालचा टॉवेल ओढला आणि सगळ्यांदेखत पिळला. धार थांबता थांबेना. इंजिनियर गुपचूप खाली बसले.

"म्हणजे तुम्हीच!" बाई म्हणाल्या. "उद्यापासून यायचं नाही!"

"यांना काढताय?" प्राध्यापक ताडकन उठले. "अहो, पाणी ओतून बघू द्या म्हणून मी अकरा वर्षं संग्रहालयाच्या पायऱ्या झिजवतोय. एकानेही परवानगी दिली नाही! भाऊ, तो टॉवेल द्या इकडे."

टाळ्या इतक्या पडल्या, की बाईंनाही हात जोडून हसावं लागलं. नोकरीचा विषय तिथेच संपला.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "तोंड बंद ठेवलंत ना?"

"जवळजवळ."

"आणि नवा टॉवेल कुठाय?"

"त्याचा फोटो पुस्तकात छापणार आहेत."

"अगंबाई!" बायको कपाळावर हात मारत म्हणाली, "मग आधी धुऊन तरी द्यायचात!"