सोमाभाऊची दुतोंडी खिट्टी

सोमाभाऊच्या तोंडून रामराम कधी आला नाही. माणूस भेटला की पहिला सवाल, "हे दोन्हीकडून धरते का?"

कुरखेड्यात मी तेव्हा नवा मास्तर. शाळेच्या फाटकाची कडी, माझ्या पेटीचं कुलूप, सगळ्याला तो वाकून कान लावी. पाटलाच्या घरी नवा जावई आला, तर तिथंही विचारलं! जावई बिचारा लाजून लाल.

भानगड अशी. सोमाभाऊ आणि धाकटा भाऊ लखमा विहिरी खणायचे. काठावर दातेरी चाक, त्याच्या दोराला टोपलं. दात्यांत एक दुतोंडी खिट्टी. एकीकडं लोटली की चाक उतरतानाच फिरे, पालटली की चढतानाच. एकदा लखमा खाली उतरला आणि कोंडलेल्या हवेत गुदमरला. सोमाभाऊनं घाईघाईत खिट्टी पालटली, ती तुटून दात्यांत अडकली. चाक जाम! गावानं दुसरा दोर टाकून लखमाला काढलं, पण तोवर सारं संपलं होतं.

या दोघांच्या घराण्यात नेम होता: ज्या चाकानं उतरायचं, त्याच चाकानं वर यायचं. नाहीतर माणूस खालीच राहतो.

"लखमा खालीच हाये मास्तर," सोमाभाऊ चहाचे घोट घेत सांगे. "दुपारी दोर हालवते तो."

मी हसायचो. मग एका दुपारी त्या विहिरीवरून जाताना आवाज ऐकला. टक्, टक्. पानही हलत नव्हतं. आणि खिट्टी तर तुटलेली, मग चाक वाजेल कसं? त्या दिवसापासून मी लांबची वाट धरली. उगाच कशाला!

नवी खिट्टी शोधायची तर दात्यांचं माप हवं. सोमाभाऊनं रानातल्या मेणावर दात्यांचा ठसा घेतला आणि निघाला बल्लारपूरच्या भंगारवाल्याकडं. ऐन वैशाखात! पोचेपर्यंत ठशाचा खिशात काला झालेला. अंदाजानं आणलेली खिट्टी अर्थातच बसेना. पुढच्या खेपेला पठ्ठ्यानं चाकच डोक्यावर घेतलं, सोबत मला ओढलं. ओंडके ओढायच्या एका मोडक्या यंत्रात हवी ती खिट्टी निघाली. त्यानं ती बसवली, फिरवली, पालटून पुन्हा फिरवली.

"धरते! दोन्हीकडून धरते!" भंगारवाल्याला त्यानं मिठीच मारली.

परतल्यावर भरदुपारी चाक विहिरीवर चढवलं. रिकामं टोपलं खाली सोडून तो वाकला.

"बस लखमा. घट्ट धर."

खिट्टी पालटली. टक्, टक्. "मास्तर, हात लावा. जड लागून राह्यलं ना?"

लागलं. आईशप्पथ, जड लागलं.

टोपलं वर आलं ते रिकामंच. सोमाभाऊनं खांद्यावरचा दुपट्टा हलकेच त्यावर पांघरला. "भिजला असन," म्हणाला. मग अगदी हळू, "चाल बाबू. माय वाट पाऊन राह्यली."

घराकडं जाताना तो पायवाटेच्या एका कडेनं चालला, दुसरी कडा मोकळी सोडून. मला रडू आवरेना. त्या मोकळ्या जागेत पाय पडू न देता मी मागून चालत राहिलो.