जाड आहे, पण आत काही नाही

गुडघ्यासाठी घेतलेली रजा संपवून भाऊसाहेब सोमवारी ऑफिसात आले आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या केबिनमधून बाहेर डोकावले, तेव्हा टेबलाभोवती डबे उघडून बसलेली तिन्ही माणसं एकदम गप्प झाली. झालं ते एवढंच. दुसरा एखादा असता तर त्याने म्हटलं असतं, घास तोंडात असेल बिचाऱ्यांच्या. पण भाऊसाहेब हेडक्लार्क होते. हेडक्लार्कला पाहून माणसं उगीच गप्प होत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मग ती काही केल्या थांबेना.

त्याला कारणही होतं. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीच्या त्या ऑफिसातून भाऊसाहेब महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि तो मोठ्या साहेबांच्या हातून वरच्या ऑफिसला गेला होता. ही मुदतवाढ त्यांना जीव तोडून हवी होती. ऑफिस सुटलं तर दिवसभर घरी बसायचं, म्हणजे बायकोच्या हाताखाली काम करायचं. तिथे कामाची वेळ ठरलेली नसते आणि निवृत्ती तर नसतेच. गुडघ्याच्या रजेत त्यांनी त्याची चुणूक बघितली होती. माळा आवरता आवरता दुसरा गुडघाही धरला होता.

आता ती तीन माणसं गप्प का झाली, ते तुम्हाला सांगून टाकतो. भाऊसाहेबांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. ते रजेवर असताना टायपिस्ट बाईंनी एक टूम काढली होती. जेवताना रोज प्रत्येकाने सध्या आपण काय वाचतोय आणि ते कसं वाटतंय ते सांगायचं. घरच्या भाजीची आणि सासूची तीच ती चर्चा करण्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. बाईंनीच सुरुवात म्हणून लायब्ररीतून कुलपांच्या इतिहासावरचा एक भलामोठा ग्रंथ आणला. त्या दमल्यावर तो टपाल सांभाळणाऱ्या बाईंकडे गेला आणि त्या दमल्यावर कॅशियरकडे आला. आणलेलं पुस्तक निदान एकाने तरी संपवायचंच असा नियम असल्यामुळे कॅशियर रोज रडतखडत दहावीस पानं पुढे सरकत होता.

पण भाऊसाहेबांनी मागे एकदा कॅशियरला साप्ताहिक वाचताना पकडून सगळ्यांदेखत झापलं होतं. "कंपनी वजनं करायला पगार देते, वाचायला नाही!" त्यामुळे हे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. त्या ग्रंथाचं नावदेखील घ्यायचं नाही, नुसतं 'तो' म्हणायचं.

भाऊसाहेबांची केबिन म्हणजे प्लायवूडचा एक आडोसा. ते आत गेले, खुर्ची हळूच आडोशाला लावली आणि कान टवकारून बसले.

"मग, कसा काय चाललाय तो?" टपालाच्या बाई दबक्या आवाजात विचारत होत्या.

"काय सांगू!" कॅशियरने सुस्कारा सोडला. "जाड आहे हो नुसता. आत काही नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" टायपिस्ट बाई म्हणाल्या. "लांबून बघितलं की वाटतं, बापरे, केवढा विद्वान! जवळ घेतला की कळतं."

"आणि एकच गोष्ट किती वेळा सांगावी माणसाने? तेच तेच, तेच तेच. मला तर मध्येच झोप लागते."

"वास पण येतो ना?"

"येतो म्हणजे काय! कुबट. आणि मागून फाटलाय, ते पाहिलंत का?"

भाऊसाहेबांचा हात आपोआप मागे गेला.

त्या दिवशी ते सगळे जाईपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत. एरवी दहा वेळा बाहेर येऊन फायली मागणारा माणूस, पण पाठ भिंतीला लावल्याशिवाय हलेना. घरी गेल्या गेल्या त्यांनी पँट काढून दिव्याखाली धरली.

"अहो, हे काय चाललंय?" बायको दारात येऊन उभी राहिली.

"मागून फाटलीय का, बघ."

"धडधाकट आहे की. कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुला काय करायचंय? आणि हे बघ, माझा वास येतो का? कुबट?"

"आता एवढ्या वर्षांनी विचारताय होय!" बायको म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपाळाला आठी पडली. कारण भाऊसाहेबांनी दोनदा आंघोळ केली, नवी पँट घातली आणि तिच्या कपाटातलं अत्तर मानेला, कानामागे आणि शिवाय रुमालाला लावलं. लग्नात लावलं नव्हतं इतकं. ते जिना उतरून जाईपर्यंत ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली.

ऑफिसातही हाहाकार उडाला. म्हणजे मोठ्याने कुणी काही बोललं नाही, पण कॅशियरने सकाळी सकाळी एक दृश्य पाहिलं. नमुन्याला ठेवलेल्या मोठ्या काट्यावर भाऊसाहेब एकटेच उभे होते. आकडा बघून त्यांनी बूट काढले आणि पुन्हा बघितला. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय आकडा दिसेना, तेव्हा पुन्हा लावला आणि मान खाली घालून निघून गेले. दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आपण तेच तेच बोलतो हे ऐकल्यापासून भाऊसाहेबांनी बोलणंच आखडतं घेतलं. टायपिस्ट बाईंच्या पत्रात तीन चुका निघाल्या. एरवी अर्धा तास सरबत्ती झाली असती. आज भाऊसाहेब "असू दे" म्हणाले. टपालाच्या बाईंनी भीत भीत रजा मागितली, तर कारणही न विचारता "घ्या" म्हणाले. दोन्ही बायका बाहेर येऊन एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काहीतरी गडबड आहे," टपालाच्या बाई म्हणाल्या. "माणूस एकाएकी एवढा चांगला होत नाही."

"अत्तर लावतात. जेवत नाहीत. वजन करतात," कॅशियरने बोटं मोजली. "मला लक्षण ठीक दिसत नाही. डॉक्टरने काहीतरी सांगितलेलं दिसतंय."

"सरळ विचारू या का त्यांना?"

"छे! असं काही असलं तर उगाच वाईट वाटायचं."

तेवढ्यात फोन वाजला. भाऊसाहेबांची बायको होती. तिने टायपिस्ट बाईंना आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, "काय हो, तुमच्याकडे नवीन कुणी आलंय का?"

"नाही हो वहिनी. आम्हीच आहोत जुने."

"मग अत्तर कुणासाठी?"

बाईंना कॅशियरचं बोलणं आठवलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, त्यांची तब्येत बरी आहे ना?" वहिनी म्हणाल्या, "तब्येतीला काय धाड भरलीय! मीच बघते आता," आणि फोन ठेवला. म्हणजे आता ऑफिस भाऊसाहेबांवर नजर ठेवून, घर भाऊसाहेबांवर नजर ठेवून आणि भाऊसाहेब डोळ्यांत तेल घालून ऑफिसवर. विचारत मात्र कुणीच कुणाला नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत भाऊसाहेबांनी कान आडोशाला अगदी चिकटवलाच. आणि त्यांनी जे ऐकलं, ते ऐकून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"उद्या याचा ग्रंथ आटोपला समजा!" कॅशियर मोठ्या आनंदाने म्हणाला.

"सुटलो बाई!" टायपिस्ट बाई.

"मग, नवीन आणायचं ठरलं का?"

"मोठ्या साहेबांनाच विचारलं. त्यांना यातलं फार कळतं. त्यांनी दोन सुचवलेत. दोन्ही पातळ. एक तर अगदी नवा कोरा आहे म्हणे."

"आणि याला पोचवायचं कुणी?"

"मीच पोचवतो. पिशवीत घालून नेतो. असा नुसता नाही उचलवत."

भाऊसाहेब मटकन खुर्चीत बसले. आता काही शंका उरली नव्हती. मोठे साहेबसुद्धा सामील! आणि काय निर्दय माणसं ही! ज्यांना आपण काम शिकवलं, ज्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या, ती आपल्याला पिशवीत घालून पोचवायला निघालीत. त्यांना खरोखरच फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. मग राग आला. हाकलून देईपर्यंत थांबणारा माणूस मी नव्हे, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि कागद पुढे ओढून एका दमात लिहिलं, 'मला मुदतवाढ नको. माझा अर्ज रद्द समजावा.' वर तांबड्या शाईने 'तातडीचे' असंही लिहिलं.

पाकीट बंद करून ते टपालाच्या बाईंकडे गेले. आवाजात आता राग नव्हता, नुसती माया होती. जाणाऱ्या माणसाची असते तशी.

"बाई, हे वरच्या ऑफिसला पाठवाल का? सवडीने. जपून राहा हं."

टपालाच्या बाईंच्या टेबलावर पाकीट आठ-आठ दिवस पडून असायचं. त्यावरून भाऊसाहेबांचा आणि त्यांचा रोजचा वाद. पण "जपून राहा" ऐकल्यावर त्यांना गलबलून आलं. आजारी माणसाचं एवढं काम तरी आपण वेळेवर करावं, असं वाटून त्या चपला सरकवत स्वतः धावल्या आणि माणसाबरोबर पाकीट हातोहात वरच्या ऑफिसला धाडून दिलं.

शुक्रवारी जेवणाची सुट्टी झाली. भाऊसाहेबांनी ठरवलं होतं, शेवटचं एकदा या लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. ते ताठ मानेने बाहेर आले. कॅशियर नेमका टेबलावरचं काहीतरी मोठं पिशवीत कोंबत होता. पिशवीचा बंद तुटला आणि ते धाडकन जमिनीवर पडलं. धूळ उडाली आणि सगळीकडे कुबट वास पसरला.

"सापडलो!" कॅशियर पुटपुटला.

"हे काय आहे?"

"भाऊसाहेब, रागावू नका," टायपिस्ट बाई पुढे झाल्या. "कामाच्या वेळात नाही, फक्त जेवताना बोलतो आम्ही त्याच्याबद्दल. कोण काय वाचतंय, कसं वाटलं, एवढंच. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही. आज तो लायब्ररीत परत जाणार आहे."

"तो?" भाऊसाहेबांचा आवाज चिरकला. "तो म्हणजे... हा?"

"हा काय. कुलपांचा ग्रंथ. जाड आहे, पण आत काही नाही बघा."

भाऊसाहेबांनी ग्रंथ उचलला. उलटा केला. तो मागून पार फाटलेला होता. त्या फाटक्या बांधणीवरून त्यांनी इतक्या प्रेमाने हात फिरवला, की तिघांची खात्रीच पटली, आजार डोक्याचा आहे. आणि मग भाऊसाहेब हसू लागले. हसता हसता खाली बसले. कॅशियरच्या डब्यातला घास त्यांनी न विचारता तोंडात टाकला. किती तरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती. दुसरा घास उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"बाई," ते टपालाच्या बाईंना म्हणाले, "कालचं पाकीट तुमच्या टेबलावरच असेल ना?"

"वा! असं कसं? कालच पोचलं. मी स्वतः धावत जाऊन माणूस धाडला," बाई अभिमानाने म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी टपाल वेळेवर पाठवलं होतं. भाऊसाहेब उठले. गुडघे विसरून जिना चढले आणि मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरले.

"या, या भाऊसाहेब," साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही तर कमालच केलीत. दोन वर्षांची मंजुरी काल सकाळीच आली होती. मी आज तुम्हाला सांगणार, तेवढ्यात तुमचं 'नको' तिकडे पोचलं. आताच फोन आला, मंजुरी रद्द केली म्हणून. दुसऱ्या कुणाचं तरी नावही घातलं त्यांनी. वरचं ऑफिस एवढ्या लवकर कधी काही करत नाही हो, पण तुम्ही तातडीचं लिहिलंत."

भाऊसाहेब समोरच्या खुर्चीत बसले.

"मला वाईट वाटलं ते तुमच्या माणसांचं," साहेब म्हणाले. "मागच्या महिन्यात तिघंही माझ्याकडे आली होती. भाऊसाहेबांना ठेवाच म्हणून हट्ट धरून बसली. मी म्हटलं, अहो, ते तर तुम्हाला सारखे ओरडतात. तर तुमच्या टायपिस्ट बाई काय म्हणाल्या माहितेय?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ओरडू देत. पण मनात काही ठेवत नाहीत. काही खटकलं की तिथल्या तिथे तोंडावर विचारून मोकळे होतात. असा निर्मळ माणूस आम्हाला परत मिळायचा नाही."

भाऊसाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. खोलीभर अत्तराचा वास सुटला.

"बरं, तुम्ही काहीतरी विचारायला आला होतात ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "पण ते सोमवारीच विचारायला हवं होतं."