गाडी पूर्ण?

आमच्या गल्लीतून हिरवा झेंडा मिळाल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नाही. खोटं वाटत असेल तर नाशिकरोडला आमच्या कॉलनीत येऊन बघा. सकाळी शाळेची व्हॅन निघते, गॅसवाला निघतो, माझा नातू स्कूटर काढतो, आणि समोरच्या फाटकात भालेराव गार्ड उभे. पांढरा शर्ट, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे. आधी गाडीच्या मागे जाऊन बघणार, मग हिरवा दाखवणार आणि म्हणणार, "ऑल राइट!"

कोथिंबीर आणायला पायी निघालेल्या माझ्या सुनेलासुद्धा. तीही बिचारी थांबते.

भालेराव मनमाडला मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाले आणि आमच्या समोरचं घर घेतलं. आता म्हणे गार्डाला नवं नाव आलंय, ट्रेन मॅनेजर. तसं कुणी म्हटलं की भडकतात. "मॅनेजर बँकेत असतो. मी गार्ड." गार्ड म्हणजे अगदी शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेपटाला काढली, त्यामुळे पुढचं काही त्यांना दिसतच नाही. पंगतीला बसले तरी शेवटच्या पानावर वाढलं का, हे बघतात आणि मग घास घेतात.

एकदा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. गाडीच्या शेवटच्या डब्याला एक पाटी असते, रात्री तिथेच लाल दिवा. गाडी स्टेशनात आली की तिथला माणूस ती पाटी बघतो. पाटी दिसली म्हणजे वाटेत एकही डबा सुटून राहिला नाही, गाडी पूर्ण आली. ते कळेपर्यंत त्या रुळावर मागची गाडी सोडायची नाही.

"इंजिन काय ताई, पोरंही ओळखतात," मला म्हणाले. "शेवटचा डबा आला का, ते बघायला माणूस लागतो."

म्हणून बाहेरून येणाऱ्याला त्यांचा एकच प्रश्न, "गाडी पूर्ण?" आपण म्हणायचं, "पूर्ण!" त्यांच्या ओट्यावर एक फळा टांगलाय. त्यावर खडूने नाव, सुटली किती वाजता, पोचली किती वाजता. गावाला गेलात तर पोचल्याचा फोन करायचा, की ते वेळ लिहिणार आणि संध्याकाळी ती ओळ पुसणार.

मी एकदा सटाण्याला बहिणीकडे गेले आणि फोन करायचा विसरले. दोघी बहिणी भेटल्यावर कुणाला आठवतं हो? तासाभराने बहिणीच्या शेजारचा किराणावाला धापा टाकत आला. "आजी, नाशिकथीन फोन शे. कोन्ही गार्ड शे. तुमनी गाडी पुरी उनी का, ईचारी ऱ्हायना!" त्या दुकानाचा नंबर भालेरावांनी कुठून मिळवला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गल्लीतल्या एका लग्नात तर कहर झाला. वऱ्हाडाची बस निघाली आणि हे लाल झेंडा घेऊन पुढे उभे. नवरदेवाचे वडील खाली उतरले. "अहो काका, नवरा बसला, नवरी बसली, आता कोण राहिलं?"

"ते मला काय माहीत? शेवटी कोण चढलं ते सांगा."

ते काही कुणाला सांगता येईना. आरडाओरडा झाला, ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला. तेवढ्यात मांडवातल्या खुर्च्यांच्या थप्पीमागून नवरदेवाचे सख्खे मामा डोळे चोळत बाहेर आले, एकाच पायात बूट. मामा चढले. मग "ऑल राइट!"

त्यांची बायको, कमल, म्हणते, "माझ्याही पाठीला एक पाटी लावून टाका एकदाची. सारखं मागे वळून बघावं लागतं, कुठं काही सुटलं की काय."

आता प्रशिकचं सांगते.

प्रशिक त्यांचा थोरला. फौजेत होता. पंचविशीचा पोरगा, हसला की डोळे मिटायचे. शांतिसेनेबरोबर त्याला आफ्रिकेत पाठवलं. निघाला त्या दिवशी भालेराव रिक्षामागे गेले, त्याच्या बॅगेची उघडी राहिलेली चेन ओढली आणि हिरवा दाखवला. तो म्हणाला, "पोचलो की फोन करतो पप्पा."

"तो कर. पण फळ्यावर तू परत आल्यावरच लिहीन."

फळ्यावर ओळ पडली. प्रशिक. सुटली ५.४०. पोचलीपुढे कोरं.

सात महिन्यांनी तो आला, तिरंग्यात. तिकडे पूर आला आणि त्यात गेला, एवढंच आम्हाला कळलं होतं. रस्ता माणसांनी भरलेला. भालेराव फाटकात रिकाम्या हातांनी उभे. फौजेचा ट्रक थांबला तसे ते सवयीने त्याच्या मागे गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. चार दिवसांनी त्यांनी फळा पुसला. कपडा प्रशिकच्या ओळीभोवतीनं फिरवला, तिला लावला नाही.

पंधरा दिवसांनी गल्लीला पुन्हा हिरवा मिळू लागला. मी त्या माणसाकडे बघत राहायचे. हात तसाच सरळ, आवाज तसाच.

पण त्यांच्या लेकीला, सुजाताला, हिरवा मिळेना. तिची फौजेच्या दवाखान्यात नर्सिंगसाठी निवड झाली होती. जायला आठ दिवस उरले होते. कमलने रडून घेतलं आणि हो म्हणाली. भालेराव मान हलवत राहिले.

"सेक्शनात, त्याच रुळावर, एक गाडी आहे, पोरी. ती पूर्ण आल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही."

"पप्पा, दादा आलाय. आपण सगळ्यांनी बघितलंय."

"आला. गाडी पूर्ण आली का, ते मला कुणी सांगितलं नाही."

"आणि मी काय मालगाडी आहे?" सुजाता ओरडली. पण झेंड्याशिवाय निघून जायचं तिच्याही मनात येईना. त्याच घरातली ना ती.

त्याच आठवड्यात एक जवान रिक्षातून काळी ट्रंक घेऊन उतरला. सोनवणे, नामपूरचा. प्रशिकच्याच तुकडीतला. राहिलेलं सामान द्यायला आला होता. कमलने मला हाक मारली, म्हणून मीही तिथे होते. चहा पुढे तसाच राहिला आणि सोनवणे सांगू लागला.

"धान्याचे ट्रक गावाकडे न्यायचे होते, बाबा. प्रशिक कायम शेवटच्या गाडीत. हट्टाने मागून घ्यायचा ती जागा. आम्ही चिडवायचो, गार्डाचं पोरगं म्हणून. त्या दिवशी नाल्याला पाणी चढत होतं. हा खाली उतरला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि हिरवा रुमाल दाखवून एकेक गाडी काढून दिली. शेवटची पलीकडे गेली तेव्हा वायरलेसवर ओरडला, 'गाडी पूर्ण!' आणि मागून लोंढा आला."

त्याने गार झालेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तिथं आता दुसऱ्या देशांचे जवानपण म्हणतात. आमच्याबरोबर नेपाळचे होते, त्यांना अर्थ माहीत नाही. पण शेवटची गाडी आत आली की म्हणतात, गाडी पूर्ण."

भालेरावांनी विचारलं, "किती गाड्या होत्या?"

"चौदा."

"चौदाच्या चौदा आल्या?"

"चौदाच्या चौदा, बाबा. गाड्यांतली माणसंही सगळी."

"किती वाजता?"

"दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तिथले."

भालेराव उठले. ओट्यावर गेले. पोचलीपुढे त्यांनी लिहिलं, ४.१०. लिहून झाल्यावर थोडा वेळ बघत राहिले आणि मग ती ओळ कपड्याने नाही, तळहाताने पुसली. हळूहळू, लहान पोराचं तोंड पुसावं तशी. हात पांढरा झाला. तो त्यांनी दिवसभर धुतला नाही.

मी खूप माणसं पाहिली, पण त्या दिवशी मला त्या ओट्यावर पाय ठेवायचीही भीती वाटली, देवळात चप्पल घालून आल्यासारखं झालं.

सुजाता सोमवारी सकाळी निघाली. भालेराव रिक्षाच्या मागे गेले, सामान हलवून बघितलं. पुढे आले, लेकीकडे पाहिलं आणि झेंडा उंच धरला.

"ऑल राइट!"

रिक्षा निघाली. झेंडा खाली येईना. थोड्या वेळाने, मान न वळवता, त्यांनी मला विचारलं, "ताई, मागचा लाल दिवा दिसतोय का हो? मला जरा दिसत नाहीये."

रिक्षा केव्हाच वळून गेली होती.

"दिसतोय ना भाऊ," मी म्हटलं. "चांगला दिसतोय."