बर्फाखालचे वाटाडे

इटलीच्या डोंगरातल्या वाल्दोरा गावात स्की शिकवणारे मास्तर आणि वाटाडे बर्फाखाली असतात. ज्याला हवा असेल त्याने गावामागच्या पठारावर जाऊन हाक मारायची आणि जो उठेल तो आपला समजायचा.

सुनीती देवस्थळींना हे वाटाड्यांच्या कार्यालयातल्या ऑर्नेलाबाईंनी सकाळीच समजावून सांगितलं होतं. बाई सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोलत.

"हाक नावानं मारायची. पण नाव म्हणजे ओळखपत्रावरचं नव्हे. घरची माणसं ज्या नावानं हाक मारतात, ते. दुसऱ्या कशालाही आमचा माणूस उठत नाही."

"ती नावं कुठं मिळतील?"

"ती आम्ही देत नाही," ऑर्नेलाबाई म्हणाल्या. "घरगुती बाब आहे."

सुनीतीबाईंचे यजमान देवस्थळी यांनी पठारावर उभं राहून दोन-तीनदा "मारिओ" असं ओरडून पाहिलं, काठीनं बर्फ टोचला आणि जाहीर केलं, "हा शुद्ध खेळखंडोबा आहे. उतारावरनं घसरायला मास्तर कशाला लागतोय? चल." कोल्हापुरात पंपांचा कारखाना चालवलेला माणूस, कुणी उठेल म्हणून वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते रोपवेकडे चालू लागले. ते नेहमीच पुढे चालत. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात, सगळीकडे ते पुढे आणि सुनीतीबाई त्यांची पाठ बघत मागे. ती मागून येत असणारच, हे त्यांनी कधी वळून तपासलं नव्हतं. त्या दिवशी मात्र सुनीतीबाईंच्या बुटाचं बक्कल अडकलं. ते सुटेपर्यंत ट्रॉली वर निघून गेली होती.

दुपारी त्या पुन्हा कार्यालयात आल्या.

"मिस्टर वाटाड्याशिवायच वर गेलेत. ते चालतं ना?"

"वर जायला वाटाड्या लागत नाही," ऑर्नेलाबाई म्हणाल्या. "खाली यायला लागतो."

"आणि नाही मिळाला तर?"

"साडेचारला शेवटची ट्रॉली उतरते. त्यानंतर वर जो राहील त्याला सेवेत घेतात."

"सेवेत म्हणजे?"

ऑर्नेलाबाईंनी खिडकीतून पठाराकडे हात केला. "कपडे आम्ही देतो. लाल जाकीट. चांगल्या प्रतीचं असतं."

"मग घरी कधी सोडतात?"

"या पदाला निवृत्ती नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

सुनीतीबाई पठारावर धावत गेल्या. बर्फ सपाट आणि शांत होता, पण अधूनमधून कुठेतरी झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा हलत होता. त्यांनी आठवतील ती नावं घेतली. पिनो, बेप्पे, निनो, तोनी. मग जराशी लाज सोडून बंड्या, बाळ्या, सोन्या. कुणी हललं नाही. थोड्या अंतरावर एक फ्रेंच गृहस्थ शिंकले आणि त्या शिंकेला एक धिप्पाड वाटाड्या अंगावरचा बर्फ झटकत उठून बसला. घरात त्याला तसंच काहीतरी म्हणत असावेत.

सुनीतीबाई त्याच्यापाशी गेल्या. "आमच्या माणसाला तेवढं खाली आणाल का हो? हात जोडते."

वाटाड्या अदबीनं म्हणाला, "मला यांनी शिंकलंय, बाई." फ्रेंच गृहस्थांनी खांदे उडवले, क्षमा मागितली आणि त्याला घेऊन ते निघून गेले.

फोन वाजला.

"अगं, कुठायस तू?" देवस्थळींचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "हा रोपवेवाला मला ट्रॉलीत घेत नाहीये. वाटाड्या कुठाय विचारतोय. म्हटलं त्याला, बायको घेऊन येतीये."

"अहो, मी हाका मारतीये. कुणी उठतच नाही!"

"तुझा आवाज तो केवढा! जरा जोरात मार. भाजीवाल्याशी भांडतेस तशी."

"अहो, तुम्ही त्याच्या हातापाया पडा. काहीही सांगा. माझी तब्येत बिघडली म्हणा."

"सांगितलं. तो म्हणतो, मग त्यांच्यासाठीही वाटाड्या बघा." ते हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "थंडी वाजायची मात्र थांबली बघ. मघापर्यंत दात वाजत होते."

"टोपी घातलीय ना?"

"टोपीचं कळत नाही. लाल काहीतरी घातलंय खरं."

"अहो! अहो, ते काढा आधी!"

फोन बंद झाला होता. ऑर्नेलाबाई कोट घालून कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"आपण रोमच्या का?" त्यांनी विचारलं. "रोममध्ये लोक एकमेकांना तुमच्या या 'अहो'सारखीच काहीशी हाक मारतात. पण आमचे वाटाडे डोंगरातले. त्या हाकेला ते उठायचे नाहीत."

"ती वाटाड्यासाठी नव्हती," सुनीतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा पठाराकडे वळल्या. लुइजी, जिजी, नाना, दादा, अप्पा. त्यांचा घसा बसला. वरच्या कड्यावरची उन्हाची पट्टी अरुंद होत होत मिटली. तारेवरून शेवटची ट्रॉली खाली आली. दार उघडलं. ती रिकामी होती. चालकानं खाली उतरून दाराला कडी घातली आणि ऑर्नेलाबाईंना मानेनंच खूण केली. बाईंनी घड्याळात पाहिलं, आत जाऊन एक शिक्का उमटवला आणि परत येऊन म्हणाल्या, "अभिनंदन म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. आपल्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही."

पठारावर आता सुनीतीबाईंशिवाय कुणी पर्यटक उरला नव्हता. हाका मारायचं कारणही उरलं नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतक्याच आवाजात त्यांनी म्हटलं, "अहो."

त्यांच्या पायाशी बर्फाला चीर गेली. देवस्थळी उठून उभे राहिले. लाल जाकीट त्यांना खांद्यात थोडं सैल होतं. त्यांनी भुवयांवरचा बर्फ पुसला आणि नम्रपणे विचारलं, "बोला बाई. कुठं जायचंय आपल्याला?"

सुनीतीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. चेहरा तोच होता. नजर चांगल्या, कामसू माणसाची होती.

"घरी," त्या म्हणाल्या.

"चला. माझ्या पावलावर पाऊल ठेवून या."

देवस्थळींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ते पुढे चालू लागले. चार पावलं गेले की मागे वळून बघत. "जपून. इथं घसरतं." पुन्हा चार पावलं, पुन्हा वळून बघणं. नियमात तसं असावं. पण इतक्या वर्षांत सुनीतीबाईंना त्यांचा चेहरा चालताना एवढ्या वेळा कधी दिसला नव्हता. त्यांनी एकदा उगाचच पाऊल अडखळवलं. देवस्थळी लगबगीनं मागे आले आणि त्यांनी हात पुढे केला. हात बर्फासारखा गार होता. सुनीतीबाईंनी तो धरला.

हॉटेलच्या दाराशी ते थांबले. "पोचलात?" त्यांनी विचारलं.

सुनीतीबाई "हो" म्हणणार होत्या. इतक्यात मागून आलेल्या ऑर्नेलाबाई म्हणाल्या, "पोचले असं आपण म्हणालात की काम संपलं. मग ते परत जातील."

"कुठं?"

ऑर्नेलाबाईंनी पठाराकडे पाहिलं.

सुनीतीबाईंनी समोरचं दार बघितलं, दारावरचा दिवा बघितला. "नाही," त्या म्हणाल्या. "अजून नाही पोचले."

ऑर्नेलाबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी काखेतलं नियमांचं पुस्तक काढून तिथंच दिव्याखाली चाळलं. "अंतराची मर्यादा लिहिलेली दिसत नाही," त्या शेवटी नाराजीनं म्हणाल्या. "आजवर कुणी हॉटेलच्या पुढे गेलंच नव्हतं."

स्टेशनवर देवस्थळींनी विचारलं, "पोचलात?" सुनीतीबाई नाही म्हणाल्या. मिलानच्या विमानतळावर विचारलं, मुंबईला विचारलं. विमानात त्यांनी पुढच्या रांगेतली जागा मागून घेतली आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं. हवाईसुंदरीनं आणलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. फक्त बर्फ मागितला.

कोल्हापुरात रिक्षा फाटकापाशी थांबली. कुंड्यांतली झाडं सुकली होती. देवस्थळी पायऱ्या चढले, वळले, सुनीतीबाई वर येईपर्यंत थांबले आणि त्यांनी पिशवी उंबऱ्याशी टेकवली. त्यांच्या बुटांखाली पाण्याचं छोटं थारोळं झालं होतं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि विचारण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात सुनीतीबाईंचा फोन वाजला. नणंदेचा होता.

"काय हो वहिनी, एक फोन नाही की काही नाही! जीव टांगणीला लागलाय इकडं. दादा बरा आहे ना? पोचलात का घरी?"

देवस्थळी उत्तराची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. सुनीतीबाईंच्या हातात किल्ली होती. ती त्यांनी हळूच पर्समध्ये टाकली.

"नाही वन्सं," त्या म्हणाल्या. "अजून वाटेतच आहोत."

"बरं," देवस्थळी म्हणाले, आणि त्यांनी पिशवी पुन्हा उचलली.